ठीक चाललंय आमचं

सरकारला आमचं म्हणणं ऐकायचं होतं, म्हणून इंग्लंडमधल्या ग्रिम्स्बी बंदरातल्या आम्हा अपंगांना चर्चच्या हॉलमध्ये बोलावलं होतं. अपंग भत्त्याचे नियम बदलायचे होते. कमरेखाली धुवायला माणूस लागतं, ही गोष्ट यापुढे धरायचीच नाही, असं वर घाटत होतं. तसं झालं तर ग्लेनिसचा भत्ता जाणार होता. तिचं करायला तिच्या नवऱ्याने, सिरिलने, गोदीवरची नोकरी सोडली होती. तिची काळजी घेतो म्हणून त्याला सरकारकडून मिळतं तेही जाणार. म्हणून तिनेच बोलायचं ठरलं. आमच्यात तीच फटकळ. माझ्या स्वयंपाकघरात बसून तिने सगळं घडाघडा बोलून दाखवलं होतं, लाजबीज काही नाही.

लंडनहून आलेली अधिकारी अगदी पोरसवदा होती, आणि वाईट म्हणजे गोड होती. ग्लेनिसच्या चाकांच्या खुर्चीपाशी खाली बसून तिने विचारलं, "आंघोळीचं वगैरे कसं जमतं तुम्हाला?"

आमच्याकडे कुणी 'कसं चाललंय' विचारलं, की मरणाच्या दारातला माणूससुद्धा 'ठीक' म्हणतो. रडगाणं गाणं म्हणजे चारचौघांत कपडे काढणं. ग्लेनिसने तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

"जमतं गं पोरी. चाललंय आपलं."

मग आमची पाळी. मूर्ख मेले आम्ही! एकामागून एक सगळे तेच म्हणाले. मीही कुबड्या खुर्चीखाली सरकवल्या आणि म्हणाले, "माझं काय, मजेत."

सिरिल उठला. त्याचे कान लाल झाले होते.

"जमत नाही तिला. रोज सकाळी मी धुतो. कमरेखालचं सगळं. ती डोळे मिटून घेते."

"सिरिल, खाली बस." ग्लेनिस अधिकारी मुलीकडे बघून हसली. "याला मेल्याला वाढवून सांगायची खोडच आहे."

आणि आम्ही हसलो. सुटलो एकदाचे, असे हसलो. सिरिल खाली बसला आणि स्वतःच्या हातांकडे बघत राहिला. त्या हसण्याची मला अजून शरम वाटते.

चहा आला, बिस्किटं फिरली. थोड्या वेळाने ग्लेनिसने सिरिलची बाही ओढली.

"मला जायचंय."

खुर्चीचा ब्रेक काढून तो तिला संडासाकडे घेऊन निघाला. अधिकारी मुलगी लगबगीने पुढे झाली आणि दार धरून उभी राहिली.

"लिही आता," ग्लेनिस म्हणाली. मान खाली, पण आवाज हॉलभर गेला. "आत दोघं जातोय. तेवढं लिही."

दार लागलं. मुलीने पेन काढलं आणि आमच्याकडे वळून हळूच विचारलं, "आणखी कुणाला काही बदलून सांगायचंय?"

सगळे आपापल्या कपात बघत बसले. मीही, आणि मला तर माझी बहीण धुते.