उर्वशीचं विमान

नर्सच्या नोकरीसाठी निघालेली उर्वशी दिल्लीहून टोरांटोच्या विमानात बसली आणि इकडे एकोडीत तिच्या बापाचा, तलावात मासे धरणाऱ्या देवाजीचा, जीव थाऱ्यावर राहिना.

“किती दूर हाय ते?” त्यानं सून ममताला विचारलं.

“अकरा हजार किलोमीटरच्या वर हाय, बाबा. पंधरा तास लागतेत.” ती मोबाईलवर विमानाचा रस्ता पाहत होती.

“आता खाली काय हाय?”

“समुंदर हाय जी.”

देवाजीचा चेहरा सैल झाला. “मंग भेव नाही. पोरीले पोवता येते.”

ममतानं हसू आवरलं. “हो जी, तुमीच त शिकवलं.”

सकाळी उर्वशीचा फोन आला, “बाबा, पोचली मी.” देवाजीनं डोळे पुसले आणि कालपासून झाकून ठेवलेलं ताट पुढं ओढलं.