अकरा चाळीसची पोच

सत्तावीस वर्षं मी त्याला 'साहेब' म्हटलं, अहो-जाहो केलं. आता जीभ वळत नाही. महापौर असेल तो अख्ख्या शहराचा, मी त्याला अरे-तुरेच करणार.

आमच्या दारात तो पहिल्यांदा आला तेव्हा नुकता वकील झाला होता. अंगावर उसना काळा कोट, बाह्या मनगटाच्या चार बोटं वर. माझे बाबा शिंपी. त्यांनी टेप काढली, त्याला सरळ उभं केलं आणि आठवड्यात नवा कोट शिवून दिला. कॉलरच्या आतून बाबांचा दुहेरी टाका असायचा. म्हणायचे, "कोट विरेल, कॉलर उसवायची नाही." मी टायपिंग शिकून घरी बसले होते. कोट घ्यायला आलेला वकील जाताना मलाही घेऊन गेला, ऑफिसात कारकून म्हणून. ऑफिस कसलं, लाँड्रीच्या डोक्यावरची एक खोली! दिवसभर इस्त्रीचा वास.

त्याचा पहिला गाजलेला खटला आमच्याच गल्लीचा. पालिकेला रस्ता रुंद करायचा होता, एकोणीस घरं पाडायची होती. त्याने जाडजूड पुस्तकं उघडलीच नाहीत. गल्लीत खुर्ची टाकून बसला आणि एकेकाला एकच विचारलं, "नोटीस हातात मिळाली का?" कोणालाच मिळाली नव्हती. पालिकेच्या माणसांनी खांबावर एक कागद डकवला आणि घरी जाऊन झोपले. घर पाडायच्या आधी नोटीस हातात द्यावी लागते, हरकत घ्यायला पंधरा दिवस द्यावे लागतात. कोर्टात पालिका तोंडावर आपटली. त्या दिवशी आमच्या गल्लीने त्याला डोक्यावर घेतलं ते कायमचं.

पुढची कित्येक वर्षं तेच. लोक त्याला 'नोटीसवाला वकील' म्हणायचे. पक्षकारांना तो पढवायचा, मी टाइप करता करता ऐकायचे. "नोटीस घेऊन माणूस आला तर दार उघडू नका. सही तर मेलात तरी करू नका. एकदा पोच दिलीत की मी सोडा, माझा बापही तुम्हाला वाचवणार नाही."

आणि मला मात्र नेमकं उलटं शिकवलं. ऑफिसात कागद आला की लगेच पोच द्यायची. शिक्का, सही, तारीख, वेळ. सुरुवातीला मी वाचायला जायचे तर खेकसायचा, "ताई, वाचायचं काम माझं. तू वेळ अचूक घाल, कोर्टात एकेका दिवसावर भांडावं लागतं मला." मग पद्धतच पडली. गठ्ठ्यातला प्रत्येक कागद शेवटचं पान वर करून ठेवायचा, म्हणजे सहीची जागा समोर येते. मला त्याचा केवढा अभिमान! पन्नास कागद पाव तासात हातावेगळे करायचे मी.

एकोणीस घरांच्या पुण्याईवर तो निवडून आला, मग महापौर झाला. मला बरोबर नेलं. टेबल मोठं झालं, खोलीला पडदे आले. काम तेच. रोज साडेअकराला शिपाई गठ्ठा आणायचा, बारा वाजायच्या आत मी मोकळी.

तोवर बाबांची नजर पूर्ण गेली होती, घर त्यांनी माझ्या नावावर केलं होतं. बाहेर पडले की माझा दंड धरायचे, पण घरात काठीसुद्धा लागायची नाही. दारापासून मशीन सात पावलं, मशीनपासून नळ पाच, खिडकीच्या चौकटीला हात लागला की पलंग. आंधळा माणूस घरभर राजासारखा फिरायचा. घर गेलं तर या माणसाचं काय होईल, हा विचार मला कधी शिवला नव्हता. शिवायचं कारणच काय? नोटीसवाल्या वकिलाची माणसं आम्ही!

आणि एक दिवस घरांवर लाल रंगाने आकडे पडले. आमच्यावर एक, लाँड्रीवाल्यावर दोन, असे एकोणीसपर्यंत. रस्ता तोच. या वेळी काढणारा तो.

मी तरातरा त्याच्या खोलीत शिरले. "हे काय चाललंय, साहेब?"

"अगं, आराखडा आहे नुसता. वरून रेटा आहे, रंग तरी लावायला नको?" त्याने चष्मा पुसला. "तुला नोटीस मिळाली का?"

"नाही."

"मग? नोटीस मिळाल्याशिवाय विटेला हात लावता येत नाही, हे आता मी तुला सांगायचं होय?"

मला स्वतःचीच लाज वाटली. घरी जाऊन सगळ्या गल्लीला तेच सांगितलं. लाँड्रीवाला म्हणाला, "ताई, तुम्ही आत बसलाय, मग आमच्या तोंडचं पाणी कशाला पळेल?" आम्ही सगळे निवांत झोपलो.

तीन आठवड्यांनी पालिकेचं पत्र आलं. घर क्रमांक एक, हरकतीची मुदत संपली, येत्या सोमवारी पाडणार. मी चिडले, घाबरले नाही. खालच्या अधिकाऱ्यांचा आगाऊपणा, दुसरं काय! महापौर दौऱ्यावर होता, फोन उचलत नव्हता. म्हटलं, नसू दे. हा अर्ज मी झोपेतही लिहीन. स्वतः टाइप केला, शपथेवर लिहिलं, 'मला नोटीस मिळालेली नाही', आणि गुरुवारी कोर्टात उभी राहिले.

पालिकेच्या वकिलाने एकच कागद पुढे केला. शेवटचं पान वर.

न्यायाधीशबाई म्हणाल्या, "सही तुमची?"

माझीच. माझा शिक्का, माझं अक्षर. वेळ अकरा चाळीस. रोजच्या गठ्ठ्यात मध्येच कुठेतरी सारलेली, माझ्याच घराची नोटीस. तारीख बघितली. त्याने मला 'मिळाली का' म्हणून विचारलं, त्याच्या दोन दिवस आधीची.

"माणूस सापडेल तिथे नोटीस बजावता येते," पालिकेचा वकील म्हणाला. हेही वाक्य महापौराचंच, मी शंभरदा टाइप केलेलं. अर्ज फेटाळला, वर खोट्या शपथेबद्दल बाईंनी झापलं ते वेगळं. तिथून मी तडक त्याच्या खोलीवर गेले.

तो दौऱ्यावर नव्हताच. खोलीत बसून भाषण वाचत होता.

"केसाने गळा कापलात," मी म्हणाले. "माझ्या बाबांना दिसत नाही, ठाऊक आहे ना तुम्हाला?"

त्याने मानही वर केली नाही. "ताई, सही तू केलीस. वाचायला तुला कोणी अडवलं होतं?"

"तुम्ही!"

"असं मी कुठे लिहून दिलंय?" मग जरा मऊ आवाजात म्हणाला, "एक घर पडलं की बाकीचे भांडत नाहीत. आणि तुझं पडलं की कोणीच भांडत नाही. तुला खोली मिळेल, चौथ्या मजल्यावर. रविवारी बाबांना घेऊन ये सभेला."

बाबांना काय सांगू, कसं सांगू? तीन दिवस मी मूग गिळून बसले. रविवारी मला जायचंच नव्हतं. पण त्याने बाबांना न्यायला गाडी पाठवली आणि बाबा हरखून दाढी करून बसले. मी निमूट गेले.

सभा आमच्याच गल्लीच्या तोंडाशी. बाबांना पहिल्या रांगेत बसवलं. तो खाली उतरला, बाबांपुढे वाकला. बाबांनी चाचपत त्याची कॉलर धरली, आतून बोट फिरवलं. "माझा टाका!" बाबा ओरडले. "अगं, अजून उसवला नाही बघ!" मेल्याने त्या दिवसासाठी जुना कोट शोधून घातला होता.

मग तो माइकवर गेला. "हा रस्ता कोणावर लादलेला नाही. पहिलं घर दिलं ते माझ्या ताईने. नोटीस स्वतःच्या हाताने घेतली, मुदतीत एका अक्षराची हरकत नाही. अशी माणसं मिळायला भाग्य लागतं!"

टाळ्या पुढून वाजल्या, त्याच्या माणसांच्या. गल्ली माझ्याकडे बघत होती. बाजूच्या टेबलावर संमतीचे फॉर्म ठेवले होते. लाँड्रीवाला उठला, माझ्यासमोरून जाताना थांबला. "आम्हाला निवांत झोपा म्हणालात, ताई," एवढंच बोलला आणि जाऊन सही करून आला. त्याच्यामागे रांग लागली.

बाबाही टाळ्या वाजवत होते. त्यांना एवढंच कळलं होतं की माझं कौतुक चाललंय. मग हात मंदावले. माझा दंड धरून त्यांनी माझ्याकडे तोंड वळवलं आणि हळूच विचारलं, "कोणाचं घर म्हणाला गं तो?"

"आपलं."

"तू सही केलीस?"

'नाही' म्हणायला तोंड उघडलं. सही तर माझीच होती. "हो, बाबा."

 दुसऱ्या हाताची बोटं मांडीवर मोजल्यासारखी हलत होती, सात, मग पाच. मग माझा दंड सोडून त्यांनी दोन्ही हात स्वतःच्या मांडीवर घेतले.

"मला एकदा विचारायचं तरी होतंस," ते म्हणाले.