देवमाशाच्या नळीत ट्राउट

मित्रांनो, मी एक जुनी जाळी आहे. लाकडी कडं, लांब दांडा आणि खाली लोंबणारी सुती झोळी, एवढाच माझा थाट. गळाला लागलेला मासा पाण्यातून अलगद उचलून घ्यायचा, हे माझं काम. मला घडवणाऱ्यांनी तळ्यापलीकडचं माझ्यासाठी काही योजलं नव्हतं. तरी मी दक्षिणेच्या बर्फाळ समुद्रात जाऊन आले, आणि तिथे माझ्यापायी एका बाईच्या तोंडचं पाणी पळालं.

टास्मानियातल्या डोंगरावरच्या तळ्याकाठी पर्स बरिज नावाचा सुतार राहत असे. त्याने ब्लॅकवूड लाकडाची पट्टी वाफेवर वाकवून माझं कडं केलं. झोळी विणली त्याच्या बायकोने, एडनाने. विणता विणता ती म्हणाली होती, "तुला मासा मिळेपर्यंत ही कुजून जाईल बघ." मी काही कुजले नाही. पर्सनंतर त्याच्या मुलाने, क्लेमने, मला हाती धरलं आणि किती ट्राउट, म्हणजे गोड्या पाण्यातले मासे, मी पाण्याबाहेर काढले त्याला गणती नाही. क्लेमचा माझ्यावर भारी जीव. त्या जिवाखातर तो मला कधीच धूत नसे. जाळी धुतली की नशीब धुऊन जातं, असं त्याचं ठाम मत होतं. तळ्यावरून आला की तो मला तशीच शेडमधल्या खिळ्याला टांगायचा. माशांचे खवले माझ्या गाठीगाठीत वाळून बसायचे. मला खाज सुटायची, पण सांगणार कुणाला?

पोटापाण्यासाठी क्लेम टास्मानियाच्या होबार्ट बंदरातून दक्षिणेला जाणाऱ्या संशोधन जहाजावर रबरी होडी चालवायचा. निघण्याआधी तिथे बूट घासतात, खिसे उलटे करतात, कपड्यांना चिकटलेलं गवताचं बीसुद्धा वेचून काढतात, कारण तिकडच्या बर्फावर इकडची घाण जाता कामा नये. क्लेमने सगळं दाखवलं. मला मात्र, नशीब सोबत असावं म्हणून, दांडा काढून जहाजावरच्या आपल्या गादीखाली सरकवलं. "आपण कुठे बर्फावर उतरणार आहोत!" असं पुटपुटून त्याने स्वतःचीच समजूत घातली.

त्या जहाजावर इमोजेन पायबस नावाची संशोधक होती. तीन उन्हाळे ती निळ्या देवमाशाच्या मागावर होती. एके काळी माणसांनी हे देवमासे मारून मारून जवळजवळ संपवले. उरलेले कोणत्या कुळांचे आहेत, कुणाचे कोण लागतात, हे कळायला तिला त्यांच्या कातडीचा नखाएवढा तुकडा हवा होता. तीन उन्हाळ्यांत तिला देवमाशांचा आवाज पुष्कळ ऐकू आला, पण तुकडा एकही मिळाला नाही. ही तिची शेवटची सफर होती. रिकाम्या हाताने परतली, तर काम कायमचं बंद पडणार होतं.

एका दुपारी धुकं फाटलं आणि जहाजाच्या उजव्या अंगाला निळी पाठ वर आली. होडी खाली सोडली. इमोजेनने नेम धरून पोकळ टोकाचा बाण सोडला. तो पाठीवर आपटला, कातडीचा कण घेऊन उसळला आणि पाण्यावर तरंगू लागला. देवमाशाला त्याची दखलही नव्हती. तेवढ्यात बाण उचलायला होडीत घेतलेल्या प्लास्टिकच्या जाळीचा दांडा थंडीने काडकन मोडला. बाण लाटेवर लांब चालला. क्लेमने मला दांडा बसवून आधीच होडीतल्या ताडपत्रीखाली लपवलं होतं; तिथून त्याने मला ओढून काढलं.

"हे काय आणलंस?" इमोजेन ओरडली.

"भांडण नंतर कर. आधी होडी धर!"

मी वाकले आणि बाण झोळीत घेतला. होडीत एकच जल्लोष झाला. एवढ्या मोठ्या प्राण्याचं काम माझ्या हातून झालं, या विचाराने माझा दांडा ताठ झाला.

जहाज घराकडे वळलं. प्रयोगशाळेत इमोजेनने बाणाच्या टोकाला लागलेला तुकडा नळीत घालून यंत्राला दिला आणि उत्तर आलं: तपकिरी ट्राउट. जेवणघरात आचारी म्हणाला, "काय डॉक्टरीणबाई, तळू की वाफवू?" सगळे खो खो हसले. इमोजेन ताट तसंच ठेवून उठली. क्लेमही हसत होता, पण मधेच त्याचं तोंड उतरलं. तो मला घेऊन तिच्या दारात गेला.

"इमोजेन, ट्राउट हिचा आहे."

तिने माझ्या गाठी नखाने खरवडल्या. खवले टेबलावर पडले.

"शेवटची कधी धुतलीस?"

"धुतली की नशीब जातं गं."

"तुझं नशीब माझ्या नळीत आलंय, क्लेम! तीन वर्षं घातली मी यात."

 मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग तिने बाणाचं पोलादी टोक पुन्हा दिव्याखाली धरलं. आत, जिथे माझा धागा पोचूच शकला नव्हता, तिथे कातडीचा, खालच्या चरबीसकट, बारीकसा कण चिकटलेला होता. तो तिने चिमट्याने काढला आणि यंत्रात घातला. क्लेम बाहेर बोळात मला मांडीवर घेऊन बसला. देवाचं नाव न घेणारा माणूस तो, पण त्याचे ओठ हलत होते.

दार उघडलं. इमोजेनच्या डोळ्यांत पाणी होतं.

"निळा देवमासा," ती म्हणाली. "मादी आहे. आणि चरबीतल्या संप्रेरकांवरून दिसतंय, गाभण आहे, क्लेम. गाभण!"

क्लेमने एवढा मोठा श्वास सोडला की मीसुद्धा हलले. तिने त्याच्या दंडावर सणसणीत चापट मारली, मग त्याच दंडाला धरून रडली आणि रडता रडता हसू लागली. माझ्या मनावरची धोंड त्या क्षणी उतरली. समुद्रात कुठेतरी एक नवं पिल्लू येणार होतं, आणि ते कुणाच्या कुळातलं, हे आता कळणार होतं.

त्यानंतर क्लेमने स्वतः बादलीत कढत पाणी ओतलं, साबण घातला आणि मला गाठ न् गाठ घासून काढलं. "आई गं, किती घाण!" असं म्हणताना तो पार शरमला होता. मला मात्र पहिल्यांदाच मोकळा श्वास मिळाला.

मित्रांनो, आमच्यासारख्या वस्तूंना तुम्ही जीव लावता, याचं आम्हाला फार अप्रूप आहे. पण नुसता जीव लावू नका. काम झालं की आम्हाला धूत जा.