अकरापैकी नऊ

महिला फुटबॉल लीगचं वेळापत्रक ताई गेली आठ वर्षं करत होत्या. बारा संघ, दोन मैदानं, सामने शनिवार-रविवारीच. नर्सच्या संघाची रात्रपाळी कधी, बसचालक बायकांना सुट्टी कधी, हे फोन करकरून विचारायचं आणि मग पेन्सिल घेऊन बसायचं. यंदा त्यात सहा आठवडे गेले. नवऱ्याने तर जेवणाच्या टेबलावर ताटाला जागा मागणंच सोडून दिलं होतं.

सोमवारी लीगच्या कचेरीच्या दारावर वेळापत्रक लागलं. खाली नाव ताईंचं, तारखा मात्र भलत्याच. त्या तिथेच उभ्या राहून एकेक ओळ बोटाने तपासत गेल्या, तसतसं त्यांचं डोकं तापत गेलं. अध्यक्षांची पुतणी ज्या संघाची कॅप्टन, त्या संघाचे अकरा सामने. त्यांतल्या नऊ वेळा समोरचा संघ आदल्याच दिवशी खेळून दमलेला. नर्सना तर रात्रपाळी उरकून थेट मैदानात उतरायचं होतं.

दार न वाजवता त्या आत शिरल्या. अध्यक्षांनी हसत खुर्ची पुढे केली. दोन-चार तारखा इकडच्या तिकडे झाल्या, त्याचं एवढं काय, असं म्हणाले.

"दोन-चार नाहीत, नऊ सामने," ताई म्हणाल्या. "नऊच्या नऊ तुमच्या घरच्या सोयीचे. आणि खाली नाव माझं."

"मनाला लावून घेऊ नका, ताई."

ताईंनी दारावरचा कागद ओढून काढला आणि तडक घर गाठलं. तिथून त्यांनी बाराही कॅप्टनना फोन लावून दोन्ही वेळापत्रकं वाचून दाखवली, पुतणीलासुद्धा.

"काकांनी मला विचारलं नव्हतं," पुतणी म्हणाली.

"मग आता तू त्यांना विचार."

बुधवारपर्यंत आठ संघांनी लिहून दिलं, की जुन्या तारखा नसतील तर आम्ही खेळणार नाही. नववं पत्र पुतणीच्या संघाचं होतं. गुरुवारी जुनं वेळापत्रक लागलं. ताईंना मात्र चिठ्ठी आली: पुढच्या वर्षीपासून हे काम कचेरीच करेल, आजवरच्या सेवेबद्दल आभार.

नवरा म्हणाला, जिंकलीस की. ताई उसळल्या. स्वतःचंच काम परत मिळवायला भांडायचं, वर हे आभार झेलायचे, याला जिंकणं म्हणतात का? चिठ्ठीचे तुकडे केराच्या टोपलीत गेले.

पहिल्याच रविवारी, रात्रभर झोप घेऊन आलेल्या नर्स पुतणीच्या संघाकडून तीन गोलांनी सपशेल हरल्या. अध्यक्ष ताईंच्या शेजारी येऊन बसले. उगाच डोक्यात राख घालून घेतलीत, म्हणाले.

ताई उठल्या आणि मैदानाच्या पलीकडच्या बाजूला जाऊन बसल्या.