बाहेरचे दोनच

यंदा लीगने नवीन नियम काढला. एका टीमला बाहेरगावचे खेळाडू दोनच. आमच्या मोठीखारकडे होते तीन. तिघांचेही करार संपलेले, तिघेही मोकळे. सोमवारी संध्याकाळी पाचच्या आत दोघांचे फॉर्म द्यायचे आणि तिसऱ्याच्या हातात नारळ. कोणाच्या, ते ठरवायला रविवारी दुपारी समाज मंदिरात सभा लागली.

आमच्यात फुटबॉलची सभा म्हणजे लग्नाच्या बैठकीपेक्षा वाईट. लग्नात निदान जेवण तरी असतं.

पहिला केतन. म्हसळ्याचा, बावीस वर्षांचा, फॉरवर्ड. गेल्या सीझनला अठरा गोल. त्याला सोडायचं नाव काढलं असतं तर पोरांनी खुर्च्या फेकल्या असत्या. म्हणजे खरी मारामारी एका जागेसाठी. एका बाजूला गणराज, पनवेलकडचा, मिडफील्डला खेळतो, कॉर्नर असा वळवतो की समोरचा गोलकीपर देवाचं नाव घेतो. दुसऱ्या बाजूला शिवदास. आमचा गोलकीपर, दिघीचा, चौतीस वर्षांचा.

शिवदासचं प्रकरण नुसतं खेळाचं नव्हतं. आमचे अध्यक्ष निकेशशेठ, न्हावा शेव्याला त्यांचे ट्रेलर चालतात. त्यांच्या यार्डात शिवदासला काम आणि राहायला क्लबची खोली. दोन्ही फॉर्मला बांधलेलं. फॉर्म गेला की काम गेलं आणि पंधरा दिवसांत खोली खाली. त्याची मुलगी पूनम आमच्या हायस्कूलला दहावीत. दहावीच्या पोरीला ऑगस्टमध्ये शाळेतून काढून दिघीला परत न्यायची, असा तो हिशोब होता.

आणि हे सगळं झालं होतं माझ्यामुळे. ते फक्त मला माहीत होतं.

मी दिनानाथ. मॅचचा माईक माझ्याकडे असतो, वीस वर्षं झाली. लोक अर्धे खेळ बघायला येतात, अर्धे मला ऐकायला. फिरकी घेणं हा माझा जुना आजार आहे. गेल्या वर्षी मी पुडी सोडली की सेमीफायनलला टीव्हीवाले येणार, तर निम्मं गाव केस काळे करून आलं होतं. निकेशशेठच्या कानावर रंग ओघळला होता.

तर फेब्रुवारीतली फायनल. खाडीकडचं मैदान, एक-एक अशी बरोबरी, शेवटची पाच मिनिटं. मी बिनवायरचा माईक घेऊन आमच्या गोलाच्या मागे गेलो होतो. तिकडे चिखल आणि खारफुटी, कोणी उभं राहत नाही. समोरच्या बाजूला आमची बँजो पार्टी फुल आवाजात. तेवढ्यात त्यांचा लांब बॉल आला. त्यांचा फॉरवर्ड सुसाट सुटला. शिवदास गोल सोडून पुढे आला, बॉल त्याच्या पायाशी, आता उचलणारच. आणि माझ्या डोक्यात किडा वळवळला. म्हटलं, त्या पोराला थांबवू. माईक बंद केला, दोन बोटं तोंडात घातली आणि शिट्टी मारली. अगदी रेफरीसारखी. महिनाभर घरी प्रॅक्टिस करत होतो, कोणाला सांगितलं नव्हतं.

त्यांचा फॉरवर्ड थांबायचा, तो थांबला आमचा शिवदास. हात वर केला, ऑफसाइड समजून बॉल सोडला. त्या पोराने पायाच्या टोकाने बॉल आत ढकलला. रेफरीने शिट्टी मारलीच नव्हती, त्याने सरळ मधल्या ठिपक्याकडे बोट दाखवलं. कप गेला.

आता माणसाने गप्प बसावं ना? मी माईक चालू केला आणि ओरडलो, "शिवदास झोपला! अरे कोणीतरी पांघरूण आणा रे!"

रडवेलं गाव खो खो हसलं. तेव्हापासून तो झोप्या. "शिट्टी वाजली होती," असं तो जेवढं सांगायचा, तेवढी पोरं जास्त हसायची. तो यार्डातून घरी निघाला की नाक्यावरून कोणीतरी तोंडाने शिट्टी मारायचा. सहा महिने हे चाललं होतं.

सभेला साठेक माणसं. मी भिंतीला टेकून, दाराजवळ. सदू चहावाला वही घेऊन उभा होता. प्रत्येक खेळाडूचं त्याच्याकडे सगळं लिहिलेलं असतं.

"गनराज. सात गोलांचे पास, एक लाल कार्ड," सदू वाचत होता. "शिवदास. चौदा मॅच, नऊ गोल खाल्ले. नऊ म्हंजे कमीच हाय, मी खोटा नाय बोलनार."

"नववा कंचा ते पन वाच ना," मागून कोणीतरी ओरडलं. हशा.

"गोलकीपर गावात पन भेटंल. कॉर्नर मारनारा कुठं भेटंल?" स्वप्निल बोलला. हा स्वप्निल क्लबचे व्हिडिओ काढतो. "आनि मोठ्या मॅचला झोपनारा मानूस ठेवून काय करायचा? थांबा, दाखवतो."

त्याने मोबाईल टीव्हीला जोडला. भिंतीवरच्या मोठ्या टीव्हीवर ती फायनल. हा व्हिडिओ मी पन्नास वेळा बघितला होता, पण मोबाईलवर. एवढ्या मोठ्या पडद्यावर गोलाच्या जाळीमागे पांढरा शर्ट स्पष्ट दिसत होता. त्याचा हात तोंडाशी होता.

आवाज फक्त बँजोचा. मग माझाच आवाज, "शिवदास झोपला!" सगळी सभा हसली. मीही हसलो. न हसून चाललं नसतं.

"परत लाव," पुढच्या रांगेतून ठमाबाई बोलली.

ठमाबाई सत्तरीची. मिठागरात जन्म गेला, आता मॅच चुकवत नाही. पहिल्या रांगेत छत्री घेऊन बसते आणि रेफरीला तिची भीती वाटते.

"परत लाव रं. हळू लाव."

स्वप्निलने हळू लावला. बॉल येतोय, फॉरवर्ड पळतोय, शिवदास वाकतोय.

"थांबव! त्या पोराचा पाय बघ. आपल्या शिवदासचा नाय, त्या दुसऱ्या गावच्या पोराचा." ती उठून टीव्हीजवळ गेली, काचेवर बोट ठेवलं. "हा पन थांबला. एक पाऊल थांबला. हा कशाला थांबंल? याला पन झोप आली?"

तिचं बोट आणि माझा पांढरा शर्ट यांच्यात वीतभर अंतर होतं.

"ठमाबाय, पाय घसरला असंल त्याचा," सदू बोलला. "तिकडं चिखल हाय."

"घसरला तर पुढं जाईल ना रं, मागं कसा थांबंल?"

निकेशशेठने हात वर केला. "पुरे. शिवदासला आत बोलवा, त्यालाच विचारू."

शिवदास बाहेर पायरीवर बसला होता. तो आत आला, चपला काढून. यार्डाचा निळा शर्ट, रविवार असून. टीव्हीवर चित्र थांबलेलं होतं. त्याने ते बघितलं. सगळे त्याच्याकडे बघत होते, मी त्याच्या डोळ्यांकडे बघत होतो. त्याची नजर स्वतःवरून सरकली, जाळीकडे गेली, जाळीच्या मागे गेली आणि तिथे थांबली. मग त्याने मान वळवली आणि सरळ माझ्याकडे बघितलं.

"बोल शिवदास," निकेशशेठ म्हणाले. "काय झाला होता?"

"शिट्टी वाजली होती."

मागून पोरांनी तोंडाने शिट्ट्या मारल्या. फुसक्या, फुंकल्यासारख्या.

"कोनी मारली?" ठमाबाईने विचारलं.

"मी पाठमोरा होतो, आजी. मारताना बघितला न्हाय. न बघता कुनाचा नाव घेऊ?" तो बोलला. "माझी एकच विनंती हाय. मला नका ठेवू, पन मार्चपर्यंत खोली राहू द्या. पोरीची दहावी हाय."

निकेशशेठने खाली बघितलं. "खोली फॉर्मवाल्यालाच भेटते ना, शिवदास. नियम तुला माहीत हाय."

मला वाटलं होतं तो ओरडेल, माझ्याकडे बोट करेल. मी उत्तरही तयार ठेवलं होतं. चांगलं विनोदी होतं. त्याने नाव घेतलं असतं तर मी त्याला दोन वाक्यांत उडवला असता आणि सभा माझ्या बाजूने हसली असती. त्याने घेतलंच नाही. ते उत्तर माझ्या तोंडात कडू झालं.

"मी मारली," मी बोललो.

साठ डोकी मागे वळली. आणि दुसऱ्या क्षणाला हसण्याचा असा स्फोट झाला की पंख्यावरची चिमणी उडाली.

"दिनाभाव, आज नको!" स्वप्निल डोळे पुसत बोलला.

"अरे खरंच मारली. तो मागं पांढरा शर्ट, तो मी हाय. त्यांचा फॉरवर्ड थांबावा म्हनून मारली."

"आनि टीव्हीवाले कवा येनार, भाव?" सदूने विचारलं. परत हशा.

"तोंडाने रेफरीची शिट्टी? मग मार बघू!" कोणीतरी ओरडलं. "मार, मार!"

मी दोन बोटं तोंडात घातली. तोंड कोरडं ठणठणीत. फुस्स. नुसती हवा. लोक एकमेकांच्या अंगावर पडून हसायला लागले. परत प्रयत्न केला. फुस्स. ज्या माणसाच्या एका शब्दावर हे लोक वीस वर्षं हसत होते, तो आयुष्यात पहिल्यांदा खरं बोलत होता, आणि ते अजून जास्त हसत होते.

शिवदास हसत नव्हता. तो चपला शोधत होता.

"दिना, बस खाली," निकेशशेठ चिडले. "मानसाच्या पोटाचा प्रश्न हाय आनि तू नाटक करतंस? चला, हात वर करा. केतनला ठेवायचा?"

सगळे हात वर. केतन झाला.

मी ठमाबाईच्या शेजारची पाण्याची बाटली उचलली आणि घटाघट प्यायलो. ती नुसती बघत राहिली.

"आता दुसरा. गनराजला ठेवायचा असंल त्यांनी हात वर करा."

हात वर जायला लागले. पुढचे, मधले, मागचे. अर्ध्यावर आले असतील. मी ओठ पुसले, जीभ दुमडली, बोटं लावली आणि मारली.

समाज मंदिराच्या पत्र्याखाली ती शिट्टी अशी वाजली की माझेच कान बधिर झाले.

सगळे हात जिथल्या तिथे थांबले. खांद्याच्या उंचीवर, कानाच्या उंचीवर, कोणाचा नुसता कोपर उचललेला. सदूची वही हातातून पडली. दारापर्यंत पोचलेला शिवदास पाय उचललेला तसाच उभा राहिला. तीन-चार सेकंद कोणी हललं नाही.

"काय रं," ठमाबाई बोलली, "सगलेच झोपले काय?"

कोणी हसलं नाही. हात एकेक करून खाली आले. स्वप्निलने टीव्हीवरच्या पांढऱ्या शर्टाकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग टीव्ही बंद केला. माझ्याच गल्लीतला एक म्हातारा माझ्यापासून दोन पावलं लांब सरकला.

निकेशशेठ म्हणाले, "कप घालवलास. आनि सहा महिने त्या मानसाला झोप्या बोलत होतास. माईकवरून." त्यांचा आवाज चढला नाही, ते जास्त वाईट होतं. "माईक घरी हाय ना तुझ्या? आज संध्याकाळी सदूकडं आनून दे. परत हात नाय लावायचा."

"देतो."

"बसा सगले. परत मतदान."

गणराजला सव्वीस. शिवदासला एकतीस. मी हात वर केला नाही. मला हक्क आहे असं वाटलं नाही. सदूने दोनदा मोजलं. शिवदासने फॉर्मवर सही केली. पेन नीट चालत नव्हतं, त्याने ते दोनदा झटकलं. केतन येऊन त्याच्या गळ्यात पडला. गणराजला कोणीतरी फोन लावला आणि बोलायला बाहेर गेला. त्या पोराचंही मी नुकसान केलं, ते तेव्हा लक्षात आलं.

मी बाहेर पायरीवर शिवदासची वाट बघत थांबलो.

"शिवदास, मार मला एक. दोन मार."

त्याने चपला घातल्या. "मारून काय होनार, दिनाभाऊ? मला झोप्या बोलतात, ते मी ऐकून घेतला. पन पूनमला शाळेत झोप्याची पोरगी बोलतात. ती डबा खायला वर्गाबाहेर बसते." तो थांबला. "उद्या शाळेत या. तिच्या वर्गात सांगा."

"सांगतो. मी बरोबर..."

"हसवू नका फक्त."

सोमवारी सकाळी साडेदहाला मी दहावी अ च्या दारात उभा होतो. वर्गशिक्षिका प्राप्ती मॅडमना सगळं आधी सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, "दहा मिनिटं घ्या." पन्नास पोरं. मैदानावर पाच हजारांसमोर मी कधी घाबरलो नाही. इथे दाराची चौकट सोडवेना. माझं तोंड बघूनच मागच्या बाकावर खुसखुस सुरू झाली. त्यांना वाटलं, दिनाकाका आले म्हणजे आता गंमत.

पूनम तिसऱ्या बाकावर खिडकीजवळ होती. तिने मान वर केली नाही.

मी सांगितलं. बंद माईक, दोन बोटं, शिट्टी, सगळं. कुठेच हसू येणार नाही असं सांगायला किती कठीण जातं ते त्या दिवशी कळलं. दोनदा चांगला विनोद जिभेवर आला, दोनदा गिळला. हळूहळू खुसखुस बंद झाली.

मी थांबल्यावर पूनम उभी राहिली. "काका, मग सहा महिने का नाय बोललात?"

"सगळे हसत होते ना, बाळा. मला मजा वाटत होती."

मॅडम म्हणाल्या, "बस, पूनम." ती बसली नाही.

"शिट्टीच्या आधी पप्पांनी काय केलं ते नाय सांगितलं तुम्ही," ती बोलली. "ते गोल सोडून किती पुढं आले, बॉल कसा अडवला. ते कोनालाच माहीत नाय. ते सांगा."

मी मॅडमकडे बघितलं. त्यांनी खडू पुढे केला. मी फळ्यावर मैदान काढलं, गोल काढला, आणि गोलाच्या मागे, जिथे कोणी उभं राहत नाही, तिथे आधी एक फुली मारली.

"हा मी," म्हटलं. "आता बघा, बॉल इकडून आला."