मावशींची कंबर आणि खडूची रेघ

वॉर्डातल्या मावशींची कंबर धरली ती एका पेशंटला उचलताना. वीस वर्षं त्यांनी माणसं अशीच उचलली होती, कमरेत वाकून, एका हिसक्यात, आणि त्याचा त्यांना कोण अभिमान! आता त्यांची रवानगी तळघरात झाली, जुन्या कागदपत्रांच्या खोलीत. सहा महिन्यांनी चाचणी होती. पेशंटला पलंगावरून खुर्चीत नीट बसवता आलं तर वॉर्ड, नाहीतर निवृत्तीपर्यंत फायली. मावशींना माणसं हवी होती. फायली काही "बरं वाटतंय का" म्हटल्यावर हसत नाहीत.

घरात तर त्या काचेचं भांडं झाल्या. रुमाल पडला तरी सून धावायची, "आई, वाकू नका!" मावशी पट्टा बांधून पडून राहायच्या आणि कंबर आणखीच कुरकुरायची.

व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना नीट तपासलं आणि म्हणाल्या, "मावशी, आता वजन उचलायचं."

"इथं उठता येईना, आणि वजन?"

"एकटी कंबर किती राबेल? मांड्या, पोट, कुल्ले, सगळे बसून खातायत. त्यांना कामाला लावा."

मावशींना आपले थोरले दीर आठवले आणि मुद्दा लगेच पटला.

आधी स्टुलावरून हात न टेकता दहादा उठणं. मग बादली उचलणं: अंगालगत धरायची, पाठ सरळ ठेवायची, जोर मांड्यांचा लावायचा. पहिल्या आठवड्यात बादलीत तांब्याभरच पाणी. नवरा शिंपी. त्याने बायकोच्या कुर्त्यावर मानेपासून कमरेपर्यंत खडूची रेघ ओढली आणि मागे खुर्ची टाकून बसला.

"रेघ वाकली! पुन्हा!"

"जन्मभर कापडं बिघडवलीत, आता मला सुधारताय!"

तिसऱ्या आठवड्यात मावशींनी घाईघाईत भरलेली बादली हिसकली आणि दोन दिवस अंथरूण धरलं. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. बादली निम्मी करून पुन्हा सुरुवात करायला लावली. मावशींना लाज वाटली, पण चौथ्या महिन्यात काठोकाठ बादली उचलली तेव्हा रेघ तसूभर हलली नाही. पट्टा तर केव्हाच कपाटात गेला होता.

चाचणीला वाट्याला आला एक बेकरीवाला. चांगला धिप्पाड गडी, ऑपरेशननंतर तीन आठवडे आडवा. वॉर्डाचे डॉक्टर आणि सिस्टर कागद घेऊन उभे. बेकरीवाल्याला घाम फुटला.

"मावशी, राहू द्या. दोघंही पडू."

"मी तुम्हाला उचलतच नाहीये. आपण दोघं मिळून उठतोय. पाय माझ्या पायांजवळ आणा. आता माझ्याकडे झुका."

मावशींनी गुडघे वाकवले, त्याला जवळ घेतलं, श्वास सोडत मोजलं, "एक, दोन, तीन!" मांड्या कडक झाल्या, पोट आवळलं, आणि तो डोंगर उभा राहिला, वळला, अलगद खुर्चीत बसला. कमरेने हूं की चूं केलं नाही. मावशींच्या छातीत आनंद मावेना.

बेकरीवाला खिडकीबाहेर बघत राहिला. तीन आठवड्यांनी त्याला रस्ता दिसत होता. त्याचे डोळे भरून आले.

सिस्टरने सही ठोकली. डॉक्टरांनी विचारलं, "कंबर कशी आहे?"

मावशी उत्तर देणार, तेवढ्यात पलीकडच्या पलंगावरचे आजोबा हात वर करून ओरडले, "ओ मावशी, मलाही बसवा की खिडकीशी!"

"आले," म्हणत मावशींनी बाह्या सरसावल्या.