प्रेक्षणीय स्थळांच्या रकान्यात अम्मा

सेतुमाधवरावांना नियमांचं भारी वेड. मद्रासच्या ज्या कचेरीत परदेशी पाहुण्यांच्या मुक्कामाची नोंद होई, तिथले ते हेडक्लार्क. भल्याभल्या गोऱ्यांना त्यांनी एका फॉर्मसाठी चार चार खेटे घालायला लावले होते. आणि एकोणीसशे अठ्ठावन्न साली त्यांच्या टेबलासमोर येऊन उभी कोण राहावी? त्यांची सख्खी थोरली बहीण!

विशालाक्षी लग्न होऊन कोलंबोला गेली, नवऱ्यामागोमाग तिकडची नागरिक झाली, आणि आता टूरिस्ट म्हणून तीन महिन्यांच्या व्हिसावर माहेरी, मैलापूरला आली होती. मुदत शुक्रवारी संपत होती. ऐंशी वर्षांच्या अम्माने अंथरूण धरलेलं. तिला तशी टाकून सिलोनच्या बोटीला जोडणाऱ्या बोट मेल गाडीत बसायची विशालाक्षीची मुळीच तयारी नव्हती.

"काही पाहायचं राहिलं असेल तरच मुदत वाढते, बाई." कचेरीत ते बहिणीला बाई म्हणत. "काय काय पाहिलंत?"

"अम्माला पाहिलं."

"ते प्रेक्षणीय स्थळ नव्हे."

"अरे सेतू, मी तिला पेज भरवते, कुशीवर वळवते. शेजारच्या खोलीत असतोस ना तू?"

"खाजगी नको. म्यूझियम? लाइटहाउस?"

"नाही रे बाबा!"

"मग टूरिस्ट कसल्या तुम्ही?"

विशालाक्षीचं डोकंच फिरलं. तिने फॉर्म ओढला आणि 'पाहायची राहिलेली स्थळे' या रकान्यात ठसठशीत लिहिलं: अम्मा. वय ऐंशी. पडझड सुरू. "घे. मार शिक्का!"

रावांचे कान तापले. पण फॉर्म रीतसर भरलेला. आता घरी चौकशी व्हायलाच हवी. हुकूम त्यांनीच काढला. बहिणीसाठी नियम वाकवला असं कुणी म्हणायला नको, बस्स!

गुरुवारी सकाळी हवालदार चंद्रमौळी वही घेऊन घरी आला. अम्माच्या कानाशी वाकून त्याने तमिळमध्ये विचारलं, "आजी, या घरात बाहेरचं माणूस कोण?"

अम्माने डोळे किलकिले केले. मग पायथ्याशी उभ्या असलेल्या रावांकडे बोट दाखवलं. "हा. कोण आहे कोण जाणे. दारातून डोकावतो, जेवतो, जातो. बोलत नाही."

"आणि या?"

"ही माझी विशाला. घरचीच की!"

"अहो, मी मुलगा आहे तिचा!" राव ओरडले.

"जबानी त्यांची आहे, सार," चंद्रमौळी लिहिता लिहिता म्हणाला. "मला शब्द बदलता येत नाही."

अहवाल दुपारी रावांच्याच टेबलावर आला. सदर बाई घरच्याच. घरात एक परका पुरुष आढळला. मुक्कामाचा हेतू समजला नाही. कागद फाडावा असं त्यांना फार वाटलं. लाजेने मान वर होईना. पण शिक्क्याचा कागद फाडायची त्यांची छाती नव्हती. त्यांनी तो वर पाठवला, आणि साहेबांनी एक अक्षरही न वाचता 'तीन महिने मंजूर' असं लिहून दिलं.

राव त्या दिवशी चारलाच उठले. घरी येऊन त्यांनी कागद विशालाक्षीच्या हातात दिला. तिने तो दोनदा वाचला आणि पदराने डोळे पुसले. मग राव अम्माच्या उशाशी बसले, आणि किती वर्षांनी कोण जाणे, तिचा हात हातात घेतला.

अम्माने पाहुण्याकडे नीट निरखून पाहिलं.

"बसा हो," ती मायेने म्हणाली. "किती दिवस राहणार आहात?"